पंधरावी आणि पाण्याचा टँकर

आमच्या कॉलेजात मुलं यायची भरपूर, पोचायची फार थोडी. एफवायला वर्गात बसायला जागा नसायची, उशिरा येणारे खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. टीवायला त्याच वर्गात निम्मे बाक मोकळे असायचे आणि मागच्या बाकावर आमचा शिपाई दुपारची डुलकी काढायचा. मधल्या दोन वर्षांत मुलं जातात कुठे, हा प्रश्न कॉलेज सुरू झाल्यापासून कुणाला पडला नव्हता. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तो आमच्या नव्या प्राचार्यांना पडला. प्राचार्यांना प्रश्न पडला की जे होतं तेच झालं, समिती नेमली गेली.

समितीचं नाव होतं विद्यार्थी उत्कर्ष समिती. मी त्यात होते ते माझ्या जिभेमुळे. स्टाफरूममध्ये मी एकदा म्हणून गेले होते की मुलं गळतात याचं आपल्याला दुःख नाही, पेपर कमी तपासावे लागतात याचा आनंद आहे. हे प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला शिक्षा म्हणून समितीत घातलं. मी अकाउंट्स शिकवायची. बाकी सदस्य चहाला यायचे आणि बिस्किटं संपली की जायचे.

समितीचे प्रमुख राज्यशास्त्राचे सर होते. नुकतेच एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहायला आले होते आणि आपण वसईत प्रबोधनासाठी आलो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मुलं का गळतात याचं निदान त्यांनी पहिल्याच बैठकीत करून टाकलं. निरुत्साह. हे निदान मुलांना एकही प्रश्न न विचारता झालं होतं, त्यामुळे त्यात चूक निघायला वावच नव्हता. उपायही तयार होते. जिन्यापाशी सुविचाराचा फळा लागला. दर सोमवारी सर स्वतः रंगीत खडूने त्यावर यशाबद्दल काहीतरी लिहायचे आणि दर मंगळवारी कुणीतरी त्याच्याखाली क्रिकेटचा स्कोअर लिहायचं. मग व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान झालं. टाय लावलेले एक गृहस्थ मुंबईहून आले आणि त्यांनी मुलांना डोळे मिटून 'मी करू शकतो' असं म्हणायला लावलं. मुलांनी म्हटलं. काहींनी डोळे मिटले ते व्याख्यान संपल्यावरच उघडले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ज्याने कुणी केली त्याने आमच्या समितीची एखादी बैठक नक्की पाहिली असणार.

तिसरा उपाय होता हजेरीचा. ज्यांची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली, त्यांना समितीपुढे बोलवायचं, समजावायचं, आणि नाही समजले तर परीक्षेला बसू द्यायचं नाही. मुलांनी शिक्षण पूर्ण करावं म्हणून त्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, यात काही विसंगती आहे असं मी सुचवून पाहिलं. सर म्हणाले, शिस्तीशिवाय उत्कर्ष नाही. त्यांनी ते नंतर फळ्यावरही लिहिलं.

तर अशा समितीपुढे ती मुलगी आली.

टीवाय बीकॉमला होती, राहायची विरार पूर्वेला. माझ्या विषयात वर्गातली सगळ्यात तयार मुलगी. ताळेबंद जुळला नाही तर बाकीची मुलं पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून कुठेतरी फरकाची रक्कम घुसवतात, ही मात्र ओठ आत घेऊन पहिल्यापासून पुन्हा बेरीज करायची. फक्त ती बेरीज करायला वर्गात असायची क्वचित. आमचं कॉमर्स सकाळचं. सव्वासातला लेक्चर सुरू व्हायचं आणि ही उगवायची साडेदहाला, शेवटच्या तासाला. सलवारीचे पाय पोटऱ्यांपर्यंत ओले असायचे. ऑक्टोबरच्या उन्हात ओले, नोव्हेंबरात ओले. एकदा मी विचारलंही होतं की बाई तू येतेस कुठून, खाडीतून? ती हसली आणि बसली.

समितीपुढे सरांनी तिला गैरहजेरीचं कारण विचारलं. ती म्हणाली, "टँकर."

सरांना वाटलं मुलगी उद्धटपणा करते आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली आणि मग समजावून सांगू लागली. त्यांच्या बिल्डिंगला नळ होते, पण त्यातून हवा यायची. गच्चीवर टाकी होती, ती बिल्डरने शोभेसाठी ठेवली होती. पाणी यायचं टँकरने, एक दिवसाआड, आठ ते नऊच्या मध्ये. आई-बाबा दोघंही नोकरीला मुंबईत, साडेसहालाच बाहेर पडायचे. टँकर आला की अंगणात मांडलेल्या पिंपांमध्ये पाईप सोडायचा, आपल्या पिंपापाशी उभं राहायचं, नाहीतर शेजारी पाईप आपल्या पिंपाकडे ओढतो. मग बादल्यांनी तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. शिवाय शेजारी दोन घरांत म्हातारी माणसं होती, त्यांचं कोण भरणार? ज्या दिवशी टँकर नसायचा त्या दिवशी तो येईल म्हणून थांबायचं, कारण आदल्या दिवशीचा आलेला नसायचा.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'घरगुती कारण.' मग पालकांना बोलवा म्हणाले.

तिचे वडील अर्धी रजा टाकून आले. सभ्य, मऊ बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. त्यांनी मुलीबद्दल एकही तक्रार केली नाही, उलट कौतुकच केलं. म्हणाले, घरातलं पाणी तिच्या जिवावर चालतं, आम्हाला बघावं लागत नाही. मी विचारलं, घरात अजून कोण आहे? तर धाकटा मुलगा होता. तो सकाळी घरी असतो का? असतो, शाळा दुपारची आहे. मग तो? तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या आजारी माणसाला हमाली सांगितली होती.

"त्याची दहावी आहे, मॅडम," ते म्हणाले.

सरांनी समजुतीने मान हलवली. दहावी हा आयुष्याचा पाया असतो, असं ते म्हणाले, आणि दोन पुरुषांचं त्यावर चटकन एकमत झालं. मला राहवलं नाही. दहावी पाया असेल तर पंधरावी काय, गच्ची का? असं मी विचारलं. वडिलांनी जाता जाता मला बाजूला घेऊन अगदी सौजन्याने सांगितलं, की त्यांचा शिक्षणाला विरोध नाही, पण या वर्षी नाही झालं तर पुढे रेटण्यात अर्थ नाही, स्थळं येऊ लागली आहेत. आणि समितीने त्याच दिवशी ठरवलं, की दुसऱ्या सत्रात हजेरी भरली तर परीक्षा, नाहीतर नाही. म्हणजे समितीने एक दार लावलं, बापाने दुसरं लावलं, आणि दोघांनाही आपण मुलीचं भलं करतो आहोत याची पूर्ण खात्री होती. मुलगी भिंतीपाशी उभी होती. तिने काही मागितलं नाही, रडली नाही. मला मात्र फार संताप आला. ही मुलगी पहिल्या वर्गात पास होणारी होती आणि तिची पदवी एका पिंपात बुडायला निघाली होती.

त्याच आठवड्यात मला सकाळी लेक्चर नव्हतं त्या दिवशी मी विरारला गेले. समितीला न सांगता, कारण समितीला सांगितलं असतं तर आधी उपसमिती झाली असती.

आठ वाजून गेले होते. बिल्डिंगच्या अंगणात निळी पिंपं रांगेत उभी होती आणि प्रत्येक पिंपापाशी एक बाई किंवा एक मुलगी. पुरुष दिसले ते गॅलरीत, दात घासत. टँकर आत शिरला आणि एकच गलका झाला. ती मुलगी चप्पल काढून, ओढणी कमरेला बांधून पुढे झाली, पाईपचं तोंड अंगठ्याने दाबत एकेक पिंप भरू लागली. आपलं, मग शेजारच्या आजोबांचं, मग त्या पलीकडच्या आजींचं. तिथे तिचं ऐकत होते सगळे. वर्गात जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता ती इथे बायकांना रांगेत उभं करत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत तिचा भाऊ दिसत होता. पाया मजबूत करत बसला होता, आणि त्यासाठी त्याने वॉकमन कानाला लावला होता.

मी टँकरच्या ड्रायव्हरशी भांडायचं ठरवूनच गेले होते. ही काय यायची वेळ आहे, लोकांना काही कामधंदे, कॉलेजं असतात की नाही, असं सगळं वाक्य तयार होतं. मी तरातरा पुढे गेले. तो खाली उतरला आणि मला बघून आश्चर्याने थांबला.

"वयनी, तुमी इकडं?"

तो आमच्या आळीतला होता. आमच्या म्हणजे वसईजवळच्या उमेळे गावच्या. टँकर भरला होता आमच्या घरामागच्या विहिरीवर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे ताळेबंदातली चूक शोधणाऱ्या मुलांना ऐकवताना मी नेहमी हसत असे. त्या दिवशी हसू आलं नाही. मी मूळची पुण्याकडची, लग्न होऊन उमेळ्यात आले. सासरची वाडी, केळी, चाफा, अळू, आणि बारा महिने आटत नाही अशी गोड्या पाण्याची विहीर. आजूबाजूला बिल्डिंगी उठल्या, तहानेल्या झाल्या, आणि टँकरवाले गावात फिरू लागले. गावात पाणी विकणाऱ्यांना नावं ठेवणारे खूप होते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या विहिरीवर पंप बसला होता. आमच्याकडे ते सगळं माझे दीर बघायचे. मी रोज सकाळी पंपाच्या आवाजातच डबा भरून कॉलेजला जायची आणि तिथे जाऊन मुलं का येत नाहीत यावर विचार करायची. ते पाणी कुठे जातं हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारून कळलं असतं.

संध्याकाळी दीर घरी आले तेव्हा मी विषय काढला. पहिला टँकर पाचला भरला तर विरारला सहाच्या आत पोचेल. तेव्हा घरातले सगळे घरीच असतात, आई, बाप, भाऊ, मुलगी. चार माणसं हजर असताना एकटीला कोण राबवेल, असं माझं साधं गणित होतं. भावोजी भला माणूस, त्यांची हरकत नव्हती. पण त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. कारण विहीर भावोजींची नव्हती, माझ्या नवऱ्याचीही नव्हती. ती कागदावर कुणाचीही असली तरी होती सासूबाईंची.

आमच्याकडे एक रीत होती. विहिरीचं पहिलं पाणी वाडीचं. पहाटे पंप लागला की पहिलं पाणी पाटाने केळीला जायचं, मग चाफ्याला, मग अळूला. वाडी पिऊन तृप्त झाली की मग टँकर. तोवर सात वाजून जायचे. टँकरला पहिल्यांदा विहीर उघडून दिली तेव्हा सासऱ्यांनी ही अट घातली होती, आणि ते गेल्यावर सासूबाईंनी ती इतकी कडक केली होती की एकदा ड्रायव्हरने घाई करून आधी पाईप लावला तर त्यांनी भरलेला टँकर पाटात रिकामा करायला लावला होता. रीत चुकली की विहीर रुसते, असं त्या म्हणायच्या. आमच्या समितीच्या शिस्तीपेक्षा ही शिस्त बरी होती, निदान तिच्यामुळे केळी तरी येत होती.

मी बोलत राहिले. सासूबाई वालाच्या शेंगा निवडत होत्या. शेंग मोडता मोडता त्यांनी विचारलं, कोनाची पोर? मी सांगितलं, आपल्यातली नाही, विरारला राहते, वडील देशावरचे. कितवीला? मी म्हटलं, पंधरावीला.

त्यांचे हात थांबले. "पंधरावीपावत पोचली," त्या म्हणाल्या, "आनि पान्यात अडकली?"

समितीने कागदभर लिहून जे कळून घेतलं नव्हतं ते एका वाक्यात आलं. मला त्या क्षणी त्या बाईचा फार अभिमान वाटला. पुढच्या क्षणी तिने अट घातली. रीत मोडायची नाही. पंपाला हात लावायच्या आधी पहिली कळशी हाताने ओढायची, तुळशीला आणि पहिल्या केळीच्या बुंध्याशी घालायची, म्हणजे पहिलं पानी वाडीचंच झालं. मग पाचला टँकर नेऊ दे. वाडी आपली मागून पिईल. आणि ही कळशी ओढायची कुणी? ज्याला पोरीची पंधरावी पाहिजे त्याने.

तर दुसऱ्या सत्रात आमच्या कॉलेजात ज्या एका व्यक्तीची हजेरी शंभर टक्के भरली ती मी, आणि तीसुद्धा विहिरीवर. रोज पावणेपाचला उठून, अंगावर नवऱ्याचा स्वेटर चढवून, मी दोरी ओढायची. एकदा ताप होता म्हणून मी नवऱ्याला पाठवलं. सासूबाईंनी त्याला परत पाठवला. तो म्हणाला, मी सुटलो, आणि पांघरुणात शिरला.

मुलगी वेळेवर येऊ लागली. सव्वासातच्या लेक्चरला सात दहाला वर्गात. पुढच्या बाकावर बसू लागली, प्रश्न विचारू लागली, दोन आडदांड मुलांना पार्टनरशिपची गणितं समजावू लागली. मी एकदा विचारलं, आता पाण्याचं कसं? ती म्हणाली, होतं मॅडम. मीही त्यावर समाधान मानलं. टँकरची वेळ बदलल्यामुळे तिच्या बिल्डिंगमधली आणखी दोन-तीन मुलं वर्गात दिसायला लागली, त्यांनाही समितीने बोलावलेलं होतं. ही सुधारणा समितीच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. सत्राच्या शेवटी सरांनी प्राचार्यांना अहवाल दिला की सुविचार फळ्याचे आणि व्याख्यानाचे परिणाम दिसू लागले आहेत, विशेषतः विरार भागात. प्राचार्यांनी टायवाल्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं. पहाटे पावणेपाचला उठणाऱ्या माणसाच्या अंगात दुपारी वाद घालण्याचा जोर राहत नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तोवर भावाची दहावी कधीच संपली होती आणि तो सुट्टीत थकवा घालवत होता. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, पण टँकर निघत राहिला. अकाउंट्सच्या पेपरच्या दिवशी मी कळशी ओढताना कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं. ताळेबंद जुळला का, एवढंच मी तिला पेपरनंतर विचारलं. ती म्हणाली, पहिल्या फटक्यात.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग. मी स्टाफरूममध्ये स्वतःच्या पैशाने पेढे वाटले आणि सरांनी दोन उचलून समितीतर्फे माझं अभिनंदन केलं.

मग त्या मुलीच्या सोसायटीचं बोलावणं आलं. सेक्रेटरी स्वतः कॉलेजात आले होते. रविवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या अंगणात गुणवंतांचा सत्कार होता आणि प्रमुख पाहुणी म्हणून मी यावं अशी सर्व सभासदांची इच्छा होती. मला वाटलं, चला, कुणाला तरी त्या पोरीची किंमत कळली. मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

पिंपं एका कडेला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पाऊस अजून आला नव्हता, घामाच्या धारा लागल्या होत्या. सेक्रेटरींनी भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्यात मला आधुनिक भगीरथ म्हटलं. ड्रायव्हरने बिल्डिंगभर सांगितलं होतं की टँकर लवकर येतो तो कुणामुळे. मला शाल दिली, नारळ दिला, आणि मी वर्गात कधी ऐकल्या नव्हत्या अशा टाळ्या पडल्या. मग गुणवंत. दहावी पास झालेले एकेक पुढे आले, प्रत्येकाला मी पेन दिलं. तिचा भाऊ सेकंड क्लासमध्ये पास झाला होता, त्यालाही दिलं. त्याच्या वडिलांनी फोटो काढला. मग बारावीवाले झाले, आणि गुणवंत संपले. पंधरावीचं नाव यादीतच नव्हतं. मी आजूबाजूला तिला शोधलं. ती मागे होती, ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन पाहुण्यांना देत होती.

मी सेक्रेटरींना हळूच म्हटलं, अहो, ती ग्रॅज्युएट झाली आहे, फर्स्ट क्लास. त्यांनी कपाळाला हात लावला, चूक झाली म्हणाले, आणि माईकवर लगेच भरपाई केली. तिला पुढे बोलावलं. म्हणाले, आपली ही मुलगी आता पदवीधर झाली, अभ्यासातून मोकळी झाली, म्हणून सोसायटी तिला एक मानाचं काम देत आहे. उद्यापासून टँकरची सगळी व्यवस्था तिच्याकडे. पुन्हा टाळ्या पडल्या. म्हातारे आजोबा तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी तोंड उघडणार होते. पण तिने ट्रे माझ्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि माईकपाशी गेली. आवाज चढवला नाही. अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सला नोकरी लागल्याचं सांगितलं. उद्यापासूनच जायचं होतं. त्यामुळे टँकरचं काम तिला जमणार नव्हतं.

घरच्यांनाही हे तिथेच कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. आई पदराने तोंड पुसू लागली. वडील पहिल्या रांगेत होते, हातात कॅमेरा तसाच होता. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो अभिनंदनाचा नव्हता, कुठलं ऑफिस याचाही नव्हता.

"मग पाणी?" त्यांनी विचारलं.

माईक चालूच होता.

"टँकर येतो तेव्हा तुम्ही घरीच असता, बाबा."

म्हणजे सगळं सत्र ती पहाटे साडेपाचपासून पाणी भरून, तीन मजले चढवून, मग सात दहाला माझ्या वर्गात येत होती, आणि वर तीन माणसं झोपलेली होती. मी घड्याळ बदललं होतं, तेवढंच. माझं गणित साफ चुकलं होतं, आणि ते मला त्या शालीत गुंडाळून बसले असताना कळलं. मला रडू आलं. लोकांना वाटलं सत्काराने गहिवरले, आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी घाईघाईने आभार मानले, वेफर्स आले.

सोमवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे कळशी ओढली. टँकर गेला. दुपारी कॉलेजातून आले तर ड्रायव्हर आमच्या ओट्यावर सासूबाईंशी बोलत बसला होता. मी विचारलं, आज त्या बिल्डिंगमध्ये पाण्याला कोण होतं? तो म्हणाला, ताई तर दिसल्या न्हाईत. त्यांचे वडील आले होते खाली, ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बराच वेळ पिंपांच्या रांगेपाशी नुसते उभे होते. मग त्याच्याजवळ आले आणि हळूच त्यांनी विचारलं, आमचं पिंप कुठलं?